उंदरांच्या चिठ्ठ्या

जपानी राजाचं ताइशो चौथं वर्ष. दुसरा महिना, सव्वीस

माझ्या लेकीच्या, लानच्या, पायांच्या पट्ट्या काढून आज बारा दिवस झाले. पाय लहान राहावेत म्हणून ती सहा वर्षांची असताना मीच त्या बांधल्या होत्या, आता सतराव्या वर्षी मीच सोडल्या. बोटं अजून तळव्याखालीच मुडपलेली आहेत. चौकीवर कागद लागलाय की चाळिशीच्या आतल्या सगळ्या बायकांनी पाय मोकळे करावेत. मी सेहेचाळीस वर्षांची, म्हणून माझे तसेच राहिले.

शेजारची खिम तोफूच्या पाट्या घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "वहिनी, मोठ्या पायांची पोरगी कोण करून घेणार? नांगराला जुंपणार आहेस का?"

लान आतून म्हणाली, "मावशी, तुमची सून चांगली लहान पायांची आहे. सोयाबीन दळायचं जातं कोण फिरवतं?"

"मी फिरवते."

"मग झालं तर."

खिम हसली आणि तुटका तोफू आम्हाला देऊन गेली. तो ती रोजच देते. तुटका आहे म्हणते, पण कधी कधी तो अख्खा असतो.

चौकीच्या भिंतीवर दुसरा कागद नकाशाचा आहे. मोठा रस्ता सरळ आणि रुंद होणार. दोन्ही बाजूंच्या घरांची तोंडं आठ-आठ हात कापणार. मागच्या आमच्या गल्लीला नुसती निळी रेघ आहे, म्हणजे दगडी गटार. मी खिमला वाचून दाखवलं. गटार झालं तर मला आनंदच आहे. उन्हाळ्यात या गल्लीचा वास काय असतो ते आम्हालाच ठाऊक.

तिसरा महिना, एक

थडगी झाडायचा दिवस होऊन आठवडा झाला, पण त्याबद्दल लिहायला हात उचलत नव्हता. माणसं आपापल्या पितरांचं गवत काढतात. आम्ही दोघी कुंपणाशी उभ्या राहून परत आलो. प्लेगने गेलेल्यांना चुन्यात पुरलंय आणि आत कोणाला सोडत नाहीत. सात वर्षांनी हाडं वर काढायची, धुवायची, मडक्यात बसवायची, मग माणूस घरचा पितर होतो. आमच्या माणसाला नऊ वर्षं झाली. ते अजून कोणाचेच नाहीत.

त्यांचं औषधांचं दुकान होतं. दोनशे चाळीस खण, प्रत्येकावर नाव. मी अक्षरं शिकले ती त्या खणांवरून. आधी वास ओळखायचा, मग नाव. दालचिनी हे मला वाचता आलेलं पहिलं नाव. पुढे चौकीवरचे कागद वाचायला लागले. गाठीचा ताप आला की ताबडतोब कळवा, डॉक्टर बरं करतात, असं एका कागदावर होतं. यांना काखेत गाठ आली तेव्हा ते म्हणाले, "कळवू नकोस." मी कळवलं. डोलीतून छावणीत नेलं, मला फाटकातच थांबवलं. चौथ्या दिवशी गेले. शेवटी पाणी कोणी दिलं की नाही ते मला अजून माहीत नाही. खण सगळे जाळले.

नवऱ्याला चौकीवर देऊन आलेली बाई, असं मला काही वर्षं म्हणत. आता कोणी म्हणत नाही. खिम कधीच म्हणाली नाही.

तिसरा महिना, दोन

आज मोठ्या रस्त्यावर याप शेटचं तांदळाचं जुनं दुकान पाडायला घेतलं. दुहेरी भिंती, वर माळा, खाली फळ्या. धूळ आमच्या गल्लीपर्यंत आली. दुकान दोन वर्षं बंदच होतं. मजूर गावाबाहेरचे आहेत.

दुपारी गो मुकादम आले. आमच्या दहा घरांचे ते मुकादम. प्लेगमुळे घरटी महिन्याला दोन उंदीर चौकीवर द्यायचे असतात, आणि मागच्या महिन्यात दहा घरांत मिळून तीनच झाले. ते म्हणाले, "चौकीवरचे इवासे साहेब मला सगळ्यांसमोर बोलतात, वहिनी. मी काय उंदीर व्यायलो आहे?"

लान म्हणाली, "काका, याप शेटच्या दुकानात बघा. भिंत पडली की नुसते पळतायत."

"ते आपल्या हद्दीत येत नाही."

"उंदराला कुठे माहीत आहे हद्द?"

जाताना ते खुशीत दिसले.

तिसरा महिना, पाच

लान दोन दिवसांत वीस उंदीर घेऊन आली. धरावेही लागले नाहीत. पाडलेल्या भिंतीपाशी बरेच आपोआप मरून पडले होते, शेपटीला धरून टोपलीत टाकले की झालं. घर पडल्याच्या धक्क्यानेच मेले असतील. गल्लीत सगळ्यांना वाटून दिले. किती वर्षांनी महिन्याच्या सुरुवातीलाच सगळ्यांची सुटका झाली.

प्रत्येक उंदराला चिठ्ठी बांधावी लागते: घराचा क्रमांक, कुठे सापडला, तारीख. दहाही घरांच्या चिठ्ठ्या मीच लिहिते, दुसऱ्या कोणाला येत नाही. खिमच्या दोन्ही उंदरांवर लिहिलं, 'क्रमांक सात, जात्याखाली.' न्हाव्याच्या म्हाताऱ्यासाठी लिहिलं, 'क्रमांक तीन, चूल.' आमच्यासाठी 'क्रमांक आठ, जिना.' जिना आमच्याकडे नाहीच. लान हसून म्हणाली, "आई, निदान माळा तरी लिही." खोटं लिहिण्यात इतकी मजा येईल असं वाटलं नव्हतं. गो मुकादमांनी चिठ्ठ्या पाहून मान डोलावली. त्यांना वाचता येत नाही, पण माझं अक्षर सुबक आहे म्हणाले.

तिसरा महिना, नऊ

वाईट झालं. सकाळी इवासे साहेब, सरकारी डॉक्टर आणि सहा माणसं आली आणि सरळ क्रमांक सातमध्ये घुसली. कागी शहरातल्या तपासणीत खिमच्या उंदरात प्लेग निघाला. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, जात्याखाली. जातं उलथवलं. खालची जमीन खणली. छपराची कौलं काढली, भिंतीला भोकं पाडली, चटया, पाट्या, फडकी अंगणात आणून जाळली. जात्यावर चुन्याचं पाणी ओतलं. खिमच्या नवऱ्याने विचारलं, "साहेब, यात आता तोफू कसा करायचा?"

सातातल्या सगळ्यांना देवळामागच्या तंबूत नेलं. दहा दिवस.

जाताना खिमने माझ्याकडे पाहिलं. तिला ठाऊक आहे तो उंदीर कुठला होता. मी मान खाली घातली.

मी लगेच गो मुकादमांकडे गेले. म्हटलं, "सांगायला हवं. रोग तिथे नाहीच आहे, तो याप शेटच्या भिंतीत आहे. शेजारच्या गल्लीतल्या बायका अजून तिथून उंदीर उचलतायत."

ते म्हणाले, "काय सांगशील? चिठ्ठ्या खोट्या होत्या असं? एका घराने खोटं केलं तर दहाही घरांना शिक्षा, नियम तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. न्हाव्याच्या म्हाताऱ्याला फटके सोसतील का? आणि खिमचं घर तर उघडून झालं. आता ते परत मिटणार आहे का?"

म्हटलं, नाही.

"मग गप्प बस. महिना निघून जाईल."

घरी आले. गप्प बसले. हे इथे लिहिते आहे कारण दुसरीकडे कुठे लिहिता येत नाही.

तिसरा महिना, दहा

लान लंगडते आहे. पाय सोडल्यावर असं होतं, चौकीच्या कागदातही लिहिलंय: सुरुवातीला वेदना होतील, चालत राहावं. तिला म्हटलं चालत राहा. गरम पाण्यात आलं घालून पाय शेकले. पावलं तशी बरी दिसतात, सूज उतरली आहे. तरी दुखतात म्हणते.

जेवण नको म्हणाली. खिमच्या घराचं मनाला लागलंय. माझ्याही लागलंय.

तिसरा महिना, अकरा

आज डाव्या पायावर तिला उभंच राहवेना. उजवा ठीक आहे. डावा मी जास्त घट्ट बांधला होता, मला आठवतं. त्या वर्षी सासूबाई बाजूला बसून ओढ ओढ म्हणत होत्या. म्हणून तोच जास्त दुखत असणार. अकरा वर्षांपूर्वीची माझीच ओढ आता बाहेर येते आहे.

अंग कोमट लागलं. ती म्हणाली, "ऊन लागलं असेल." दोन दिवस ती घराबाहेर पडलेली नाही. पण आमचं अंगण तापतं खरं.

पाय चोळायला बसले तर तिने विजार गुडघ्याच्या वर जाऊ दिली नाही. मोठी झाली आहे, लाजते.

रस्त्यावर दोन मजूर तापाने पडलेत असं न्हावी सांगत होता.

तिसरा महिना, बारा. सकाळी

तिला उलटी झाली. कपडे बदलायला घेतले तर माझा हात धरून ठेवला. तिच्या हातात ताकद नव्हती. मी विजार खाली केली. डाव्या जांघेत गाठ आहे, कबुतराच्या अंड्याएवढी. हात लावला नाही. लावायची गरज नव्हती, ती मी आधी पाहिली आहे.

विचारलं, "कधीपासून?"

"परवापासून."

"पाय दुखतो म्हणालीस."

"पायच तो."

ती म्हणाली, "तुला कळलं असतं तर तुला परत चौकीवर जावं लागलं असतं. बाबांच्या वेळेसारखं. इथेच राहू दे, आई. चार दिवसांचं तर काम आहे."

चार दिवसांचं काम. हे तिने कुठून मोजलं ते मला माहीत आहे.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. आता मनात जे आहे ते सगळं लिहिते, नंतर धीर होणार नाही.

कळवलं तर तिला नेतील. नऊ वर्षांपूर्वी मी कागदावर विश्वास ठेवला आणि माणूस एकटा मेला. नाही कळवलं तर ती माझ्याजवळ मरेल, माझ्या हातचं पाणी पिऊन. हेही काही कमी नाही. दोन्हीकडे तिचं मरणच लिहिलं असेल तर घरातलं बरं. पण दोन्हीकडे मरणच आहे हे मला कोणी सांगितलं? यांच्या वेळी छावणीतून परत आलेली माणसं होती. तीन होती. त्यांच्याकडे पाहायचं मी टाळत असे, म्हणून मोजत नव्हते.

आणि याप शेटची भिंत अजून उघडी आहे. आज सकाळीही कोणीतरी टोपली घेऊन गेलं.

तिसरा महिना, बारा. दुपारी

गेले. भिंतीला धरत धरत गेले, माझ्या पावलांना चौकी लांब पडते.

गो मुकादम वाटेत भेटले. माझं तोंड पाहूनच समजले. म्हणाले, "वहिनी, दहा घरं आहेत. विचार कर."

म्हटलं, "तुम्ही आधी लानला बघून या. मग दहा मोजू."

ते बाजूला झाले.

इवासे साहेबांना सगळं सांगितलं. आधी लानचं, मग उंदरांचं. चिठ्ठ्या मी लिहिल्या, जागा खोट्या आहेत, वीसही उंदीर याप शेटच्या भिंतीतले. घरांना माहीत नव्हतं असंही मी सांगितलं. हे मी परत खोटं बोलले. साहेब लिहून घेत होते. मध्येच लेखणी थांबवून म्हणाले, "सातामध्ये काहीच नव्हतं?"

"नाही."

त्यांनी नकाशावर याप शेटच्या दुकानाशी बोट ठेवलं. मग म्हणाले, "डोली पाठवतो."

म्हटलं, "मी तिच्याबरोबर आत जाणार."

"परवानगी नाही. फाटकापर्यंत चल."

मला माहीत होतं ते हेच म्हणणार. बाहेरच्या भिंतीवरचा कागद मी नव्या वर्षीच वाचला होता. म्हटलं, "साहेब, पाचवं कलम. रोग्याजवळ घरच्या एका बाईला राहता येईल, ती राहिली तर रोगी बरा किंवा वाईट होईपर्यंत बाहेर येणार नाही."

ते उठून बाहेर गेले. मी दारातून पाहत होते. बोट लावून वाचत होते, ओठ हलत होते. परत येऊन म्हणाले, "तुला कोणी शिकवलं?"

"औषधांच्या खणांनी."

त्यांना ते कळलं नाही. पण शिक्का मारला.

तिसरा महिना, चौदा. छावणी

उसाच्या शेताकडेला तीन छपऱ्या आहेत, जमिनीपासून वर उचललेल्या. डॉक्टर कांग इथलाच, आपलीच भाषा बोलतो, तायहोकूला शिकून आलेला. आम्ही आलो त्याच रात्री त्याने गाठ पाहिली आणि पाठीत मोठी सुई दिली. विचारलं, "किती दिवस झाले?"

म्हटलं, "तीन."

तो म्हणाला, "परवा आणली असती तर मी तुम्हाला काहीतरी सांगू शकलो असतो. उद्या आणली असती तर काही सांगायची गरज पडली नसती. आता नुसतं पाणी पाजत राहा."

मी पाणी पाजते. एका वेळी एक चमचा. तिला मी कोण आहे ते कळत नाही. मला मावशी म्हणते आणि तोफू नको म्हणते.

शेजारच्या खाटेवर रस्त्याच्या कामावरचा मजूर होता. त्याच्याजवळ कोणी नव्हतं. त्यालाही पाजत होते. काल संध्याकाळी तो गेला. दुसरा आणला.

तिसरा महिना, सतरा

मी इथे आणून चूक केली की काय, असं आज दिवसभर वाटत होतं. घरी निदान खिडकी पूर्वेला आहे.

न्हाव्याच्या म्हाताऱ्याला सकाळी डोलीतून आणलं. त्याने मला ओळखलं, पण बाकी तापात सगळं विसरला होता. म्हणाला, "वहिनी, माझा उंदीर चुलीजवळचा होता ना?" म्हटलं, हो. तो म्हणाला, "मग चूल नीट बघायला हवी होती." त्याला खरं सांगितलं नाही. दुपारपर्यंतच होता.

डॉक्टर कांग म्हणाला, त्याला गाठ उंदीर हातात घेतल्याने आली की भिंतीकडून चालत आली, हे कोणी सांगू शकत नाही. मी विचारलं नव्हतं. त्याने माझ्या तोंडाकडे पाहून सांगितलं.

तिसरा महिना, एकोणीस

गाठ फुटली. वास असह्य आहे. डॉक्टर म्हणाला हे चांगलं. मी दोनदा विचारलं, चांगलं म्हणजे?

"चांगलं म्हणजे चांगलं, आई," तो वैतागून म्हणाला. दहा दिवस त्याला कोणी झोपू दिलेलं नाही.

लानने डोळे उघडून विचारलं, "आपण कुठे आहोत?"

सांगितलं.

ती म्हणाली, "तू आत कशी?"

तिसरा महिना, चोवीस

काल मात्सू देवीचा वाढदिवस झाला. यंदा पालखी नाही, फटाके नाहीत, देवळाला कुलूप. लानने अर्धी वाटी पेज खाल्ली. एवढंच.

इवासे साहेब कुंपणापर्यंत आले. तोंडावर फडकं होतं. म्हणाले, याप शेटची जागा जाळून चुना टाकला, तिथली जमीन दोन हात खणली. चिठ्ठ्यांची शिक्षा माझ्या एकटीच्या नावावर घातली आहे, बाहेर आले की चौकीवर यायचं. घरांना काही नाही. गो मुकादमांना काढलं. मग म्हणाले, "मेले ते तुमच्यामुळे मेले असं कागदात लिहिलेलं नाही."

मी मान हलवली. कागदात काय लिहितात आणि काय नाही ते मला आता माहीत आहे. दोन मजूर आणि न्हाव्याचा म्हातारा. त्या दिवशी, नऊ तारखेला, मी मुकादमांच्या दारातून परत फिरले नसते तर कदाचित म्हातारा तरी... हे वाक्य मी तीन वेळा लिहून खोडलं. आता राहू दे.

चौथा महिना, दोन

लान आज छपरीच्या पायऱ्यांवर बसली. पाय उन्हात सोडून.

दुपारी कुंपणापलीकडे खिम आली. तंबूतून तिला सोडलं त्याला बारा दिवस झाले, पण ती इकडे फिरकली नव्हती. हात रिकामे होते. जवळ येऊ देत नाहीत, म्हणून लांबूनच ओरडली, "ए वहिनी! पोरगी आहे की गेली?"

म्हटलं, "आहे."

"नक्की?"

"पेज खाते. आज बसली."

तिने कुंपणाचा बांबू धरला आणि खाली वाकून उभी राहिली. मला वाटलं तिला चक्कर आली. मग सरळ झाली आणि बाहीने तोंड पुसलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "गेली असती तर तुला माफ करावं लागलं असतं. मेलेल्या पोरीच्या आईशी कोण भांडणार? वीस दिवस मी त्याच धास्तीत होते. आता ऐक. छप्पर गेलं. जातं फेकून दिलं, चुन्याचा वास जात नव्हता. सासूबाईंच्या वेळचं जातं होतं ते. तू तुझ्या सुबक अक्षरात लिहिलंस, जात्याखाली."

"हो."

"मला वाचता येत नाही म्हणून तू मला विचारलंही नाहीस."

"नाही विचारलं."

"मी तुझ्याशी एक वर्ष बोलणार नाही. पुढच्या वर्षी थडगी झाडायच्या दिवसापर्यंत. नंतरचं नंतर बघू."

"बरं."

"दारात उभी राहिलीस तरी बोलणार नाही. सांगून ठेवते."

ती गेली. वळणापर्यंत चांगली ताठ चालत गेली. तिथून पुढे मला दिसली नाही.

लानने पायऱ्यांवरून विचारलं, "मावशी होती ना? काय म्हणाली?"

मी म्हटलं, "बोलणार नाही म्हणाली."

"किती दिवस?"

"वर्षभर."

लानने उन्हातले पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे आपण वर्षभर तिच्या शेजारीच राहणार आहोत, असं तिने धरलंय."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.